बाटल्या मीच घासल्या होत्या

आमच्या लॅबच्या भिंतीवर नियमांचा एक कागद लावलेला होता. त्यातला सातवा नियम असा, की पेशी धुण्याचं द्रावण दर वेळी नव्या प्लॅस्टिकच्या बाटलीत करावं आणि काम संपलं की बाटली टाकून द्यावी. का, ते लिहिलं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात मी तो वाचला आणि मनात म्हटलं, बाप्पा, काय ही उधळपट्टी! नुसतं खारट पाणी भरलेली धडधाकट बाटली, ती कचऱ्यात? आणि कपाटात जाड काचेच्या, निळ्या झाकणांच्या सुरेख बाटल्या धूळ खात पडलेल्या. मी बाह्या वर केल्या, सिंकजवळचा भांड्यांचा साबण घेतला, ब्रश घेतला आणि सगळ्या बाटल्या घासून लख्ख केल्या. मग माझं द्रावण मी त्यातच करू लागले. दर शुक्रवारी घासायच्या, सोमवारी भरायच्या. आठ महिने हेच चाललं.

भांडी घासणं मला कुणी शिकवावं अशी वेळच नव्हती. माझी आई नागपुरात लोकांच्या घरी भांडी घासायची. पाच घरं होती तिच्याकडे. सुट्टीच्या दिवशी मी बरोबर जायचे. ती घासायची, मी विसळायचे. करपलेला गंज, म्हणजे तुमचं पातेलं, ती असा काढायची की मालकिणी शेजारणींना बोलावून दाखवायच्या. "हात बसलेला हाय माहा," असं ती म्हणायची, आणि त्यात बढाई नसायची. तोच हात माझ्यात उतरला होता. मी शिकले, पीएच.डी. झाले, मॅसॅच्युसेट्समध्ये आले, श्रूजबरीत घर घेतलं भाड्यानं. पण सिंक दिसला की माझे हात शिवशिवतात, ते गेलं नाही.

त्या हिवाळ्यात आई सहा महिन्यांसाठी माझ्याकडे आली. डिशवॉशर तिनं पहिल्याच दिवशी उघडून पाहिला, बंद केला आणि त्यात कांदे-बटाटे ठेवले. बाहेर गुडघाभर बर्फ, मी दिवसभर कामावर, ती खिडकीशी बसलेली. एक दिवस वैतागून म्हणाली, "तू करते काय वं तिथं दिवसभर? फोनवर शेजारची काकू इचारते, तर मले सांगताच येत नाई."

मी म्हटलं, "वस्तीत लग्न असलं की घराघरातून भांडी गोळा करतात ना? नंतर परत कशी करतात?"

"नाव पाहून. भांड्यावर नाव टाकलेलं राह्यते. ज्याचं नाव, त्याच्या घरी."

"बस. माझं तेच काम आहे."

मग समजावून सांगितलं. पेशीवर शेकडो प्रकारची प्रोटीनं असतात, डोळ्यांना दिसत नाहीत. प्रत्येक प्रोटीनला नेमकी जाऊन चिकटणारी एकेक अँटिबॉडी मिळते. रंगीत खुणा लावून ओळखायची जुनी पद्धत आहे, पण फार रंग झाले की एकमेकांत मिसळतात. म्हणून आम्ही अँटिबॉडीच्या शेपटाला धातू बांधतो, शरीरात एरवी सापडत नाहीत असे दुर्मीळ धातू, प्रत्येकाच्या अणूचं वजन वेगळं. मग पेशी एकेक करून सूर्याच्या पृष्ठभागापेक्षाही जास्त तापलेल्या ज्योतीत फवारायच्या. पेशी जळून जाते, धातूचे अणू उरतात, मशीन त्यांची वजनं करतं. एकशे चोपन्न वजन आलं, म्हणजे या पेशीवर अमुक प्रोटीन होतं.

आईनं नीट ऐकून घेतलं. "म्हंजे भांडं जाळून टाकाचं अन् मंग त्याच्यावरचं नाव वाचाचं?"

"हो."

"अमेरिकेत काईही करतात," ती म्हणाली, आणि भाजी चिरायला लागली.

तर हे एकशे चोपन्न. त्यावर माझं सगळं टांगलेलं होतं, म्हणून ते आधी सांगते. आमच्याकडे रक्ताच्या कॅन्सरच्या पेशंटांच्या नळ्या होत्या: औषध सुरू होण्याआधी घेतलेलं रक्त आणि औषधानंतर घेतलेलं. आधीच्या नळ्यांना धातू लावायचं काम माझ्यापूर्वीच्या पोस्टडॉकनं, म्हणजे पीएच.डी.नंतर कंत्राटावर काम करणाऱ्या संशोधकानं, केलं होतं. तो पुण्याचा, नंतर कॅलिफोर्नियात सनीव्हेलला एका कंपनीत गेला. नंतरच्या नळ्या माझ्या वाट्याला आल्या. आणि माझ्या नळ्यांमध्ये, एका प्रोटीनसाठी ठेवलेल्या एकशे चोपन्नच्या रकान्यात, पेशीन् पेशी उजळून निघाली होती. त्याच्या नळ्यांत तो रकाना गप्प. अर्थ उघड होता: औषध सोसून जगलेल्या पेशी हे प्रोटीन चिलखतासारखं अंगावर चढवतात, आणि म्हणून आजार परत येतो.

माझ्या बॉस बाई एरवी फार बोलत नाहीत. त्या दिवशी त्यांनी माझ्या टेबलाशी खुर्ची ओढली. सोमवारी ग्रँटची, म्हणजे संशोधनाला मिळणाऱ्या पैशांची, मीटिंग होती, बाहेरचे लोक येणार होते. त्या म्हणाल्या, "हा ग्राफ पहिला दाखवायचा. हे मंजूर झालं तर तुला तीन वर्षं ठेवते." माझं कंत्राट जूनअखेर संपत होतं. कंत्राट गेलं की व्हिसा गेला, आणि व्हिसा गेला की बॅग भरायची. मला ती तीन वर्षं हवी होती. खोटं कशाला बोलू, नुसती हवी नव्हती, हपापल्यासारखी हवी होती.

आणखी एक गोष्ट आहे, ती सांगायला मला आवडत नाही. त्याच आठवड्यातल्या लॅब मीटिंगमध्ये कुणीतरी विचारलं, की आधीच्या नळ्यांमध्ये हा रकाना इतका कोरडा कसा, तिथे धातू नीट लागलाच नसेल तर? मी फटकन म्हटलं, "असेल. त्याचं काम जरा ढिसाळच होतं." मला काही माहीत नव्हतं. पण त्या माणसानं मला पहिल्या भेटीत विचारलं होतं, "तुमच्या नागपूरला मराठी बोलतात ना गं?" ते मी विसरले नव्हते. बॉस बाईंनी मान डोलावली. त्याला पुढच्या नोकरीसाठी शिफारसपत्र हवं होतं आणि बाई ते लिहायचं लांबवत होत्या, हे मला ठाऊक होतं. तरी मी बोलले, आणि बोलून मला बरं वाटलं.

शनिवारी सकाळी घरी बसून मी त्या ग्राफला शेवटचा हात फिरवत होते. आमच्या प्रत्येक नळीत मापासाठी प्लॅस्टिकचे बारीक मणी सोडलेले असतात. त्यांच्यात ठरावीक धातू ठरावीक प्रमाणात भरलेले असतात, मशीन ढेपाळलं तर त्यांच्यावरून कळतं. हिशेब करताना ते मणी पहिल्यांदा गाळून टाकायचे. त्या दिवशी घाईत मी ते गाळायला विसरले. स्क्रीनवर पेशींच्या ढगाशेजारी मण्यांचा घट्ट ठिपका उमटला. आणि तो ठिपका एकशे चोपन्नच्या रकान्यात वर बसला होता.

मी लॅपटॉपकडे बघतच राहिले. अगं, मण्याला कुठलं आलंय प्रोटीन! प्लॅस्टिकचा तो मणी, त्याला ना कॅन्सर ना चिलखत. मण्यांत भरलेल्या धातूंत एकशे चोपन्न वजनाचं काही नसतं, तिथे शून्य हवं होतं. मी फाइल बंद केली, पुन्हा उघडली. तेच. मग त्या पुण्याच्या माणसाच्या फायली उघडल्या. त्याचे मणी जिथे असायला हवेत तिथे, एकशे चोपन्नला शून्य.

माझा पहिला विचार काय असावा? मशीन बिघडलं असेल. दुसरा विचार, मणी विकणाऱ्यांनी घोळ घातला असेल. तिसरा विचार, कुणी पाहिलंय? मणी तर गाळूनच टाकतात, ग्राफमध्ये ते दिसणारच नव्हते. तिसरा विचार आला तेव्हा मी लॅपटॉप मिटला. मी उठले आणि पाणी प्यायला किचनमध्ये गेले.

आई भांडी घासत होती. सगळी साबणानं घासून झाली होती आणि दुधाचा गंज तिनं बाजूला ठेवला होता. तो तिनं नुसत्या कढत पाण्यानं, वेगळ्या घासणीनं घासायला घेतला. हे मी लहानपणापासून पाहत आलेय. तरी त्या दिवशी, चिडलेलीच होते म्हणून, म्हटलं, "अगं साबण लाव ना त्याला, साय चिकटलीय."

"दुधाच्या गंजाले साबण नाई लावत मी."

"का पण?"

"साबण निघते असं वाटते आपल्याले. निघत नाई. डोळ्याले दिसत नाई, पण दुधाले समजते."

ग्लास माझ्या हातात तसाच राहिला. मशीनच्या ट्रेनिंगमध्ये एक वाक्य कानावरून गेलं होतं: साबणाच्या पाण्यात बेरियम असू शकतं. बेरियम म्हणजे तेच, पोटाच्या एक्स-रेआधी पाजतात ते. त्याच्या अणूचं वजन एकशे अडतीस. आमच्या कामात त्या वजनाचा धातू वापरत नाही, म्हणून तो रकाना आम्ही मशीनवर बंदच ठेवलेला होता, उगीच फाइल फुगायला नको. पण त्या ज्योतीत बेरियमला ऑक्सिजन चिकटतो. ऑक्सिजनचं वजन सोळा. एकशे अडतीस आणि सोळा. मी बोटांवर मोजलं. पीएच.डी. झालेली बाई, सिंकशी उभी राहून बोटांवर मोजत होते.

रविवारी सकाळी मशीन मोकळं होतं. मी निघाले तर आई म्हणाली, "मी बी येते. आठ दिवस झाले, बर्फाशिवाय काई पाह्यलं नाई." तिला लॅबच्या बाहेर, काचेच्या भिंतीपलीकडच्या डबा खायच्या खोलीत बसवलं आणि मी कामाला लागले. दोन बाटल्या घेतल्या. एक कोरी प्लॅस्टिकची, पाकिटातून काढलेली. एक माझी, काचेची, शुक्रवारीच घासलेली. दोन्हींत एकाच डब्यातलं शुद्ध पाणी भरलं, हलवलं, थांबले. मशीनवर एकशे अडतीसचा बंद रकाना उघडला. आधी कोऱ्या बाटलीतलं पाणी सोडलं. रेघ सपाट. मग माझ्या बाटलीतलं.

रेघ स्क्रीनमध्ये मावेना. एकशे अडतीस भिंतीसारखा उभा राहिला आणि त्याच्यामागे, सोळा घरं पुढे, एकशे चोपन्नही उठला. नुसतं पाणी होतं ते. ना पेशी, ना अँटिबॉडी. मी चार बाटल्या तपासल्या, चारही तशाच. आठ महिने ज्याला मी औषधानंतरचा फरक म्हणत होते, तो औषधाचा नव्हताच. आधीच्या नळ्या त्या पुण्याच्या माणसानं नव्या बाटल्यांतल्या द्रावणानं धुतल्या होत्या आणि नंतरच्या मी माझ्या. सगळा फरक माझ्या हातचा होता.

बाहेर आले तेव्हा आई काचेला नाक लावून उभी होती. सिंकवरच्या फळीवर माझ्या बाटल्या ओळीनं उपड्या ठेवलेल्या, उजेडात चकाकत. ती म्हणाली, "कोनं घासल्या वं या? हात बसलेला हाय त्या बाईचा."

"मी," म्हटलं, आणि तिथेच खुर्चीत बसून मी भोकाड पसरलं. लाज वाटायच्या पलीकडे गेले होते. तिला काही कळेना. मग रडत रडत सगळं सांगितलं: साबण, रकाना, सोमवारची मीटिंग, तीन वर्षं, जून. तो पुण्याचा माणूसही सांगितला. मग म्हटलं, "कुणालाच माहीत नाही, आई. मणी गाळून टाकले की कुणाला कळणारही नाही."

आईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "तुले त्या बंगल्यातल्या बारशाची आठवण हाय? तू चवथीत होती."

मला नव्हती. तिनं सांगितलं. त्या घरी बारसं होतं, बासुंदीसाठी दूध आणलं होतं. गंज आईनं घासला होता, पाहुण्यांची घाई म्हणून साबणानं. दूध चुलीवर चढलं आणि नासलं. मालकिणीनं स्वयंपाकाच्या बाईला धरलं, तूच शिळं दूध मिसळलं म्हणून. ती बाई शपथा घेत होती. आई अंगणात भांडी घासत बसली होती, सगळं ऐकू येत होतं. त्या बाईला त्याच दिवशी काढून टाकलं. साबणानं दूध नासतं का, हे मी शास्त्रज्ञ म्हणून छातीठोकपणे सांगू शकत नाही. आईच्या मनात मात्र कधीच शंका नव्हती.

"मग तू सांगितलं नाहीस?"

"नाई. ते घर सुटलं असतं तर तुही शाळा सुटली असती. मी चूप बसली."

"ती बाई कुठे असते आता?"

"आपल्याच वस्तीत. विहारात येते दर पुनवेले. मी तिच्या मागं बसते, समोर नाई बसत."

मला वाटलं ती आता म्हणेल, म्हणून तू सांग. तिनं तसं काही म्हटलं नाही. "मी तुले काय सांगू?" ती म्हणाली. "माह्या तोंडाले शोभत नाई ते." आणि पर्समधून रुमाल काढून माझं नाक पुसलं, चौथीतल्या पोरीचं पुसावं तसं.

परत येताना घराच्या वळणावर माझं ठरलं. ठरलं म्हणजे काही उदात्त वगैरे वाटलं नाही. संताप आला होता, स्वतःचाच. मी नागपूरहून इथवर आले ती मान वर करून चालण्यासाठी. मला विहारात कुणाच्या मागे बसायचं नव्हतं.

सोमवारी मीटिंगच्या तासभर आधी मी बॉस बाईंच्या खोलीत गेले. दार लावून घेतलं. घरून चार वाक्यं पाठ करून आणली होती, ती सगळी विसरले. म्हटलं, "एकशे चोपन्न खोटं आहे. ते प्रोटीन नाही, साबण आहे. बाटल्या मीच घासल्या." आणि रविवारचे कागद समोर ठेवले.

बाईंनी चष्मा लावला, कागद पाहिले, चष्मा काढला. "किती खात्री?"

"पूर्ण. चार बाटल्या तपासल्या. मण्यांवरही आहे."

"आणखी कुणाला माहीत आहे?"

"माझ्या आईला."

त्यांना हसू फुटलं आणि लगेच विझलं. मग त्या चिडल्या, आणि चिडायला हव्याच होत्या. "आठ महिने! सातवा नियम तू वाचला नव्हतास?"

"वाचला होता. मला ती उधळपट्टी वाटली." मी थांबले असते तर पुढचं राहून गेलं असतं, म्हणून तशीच बोलत सुटले. "आणि माझ्या आधीच्या पोस्टडॉकबद्दल मी जे बोलले, तेही खोटं होतं. मला काही ठाऊक नव्हतं, मी ठोकून दिलं. त्याच्या नळ्या स्वच्छ आहेत. ढिसाळ काम माझं आहे."

बाई खिडकीकडे वळल्या. पार्किंगमध्ये बर्फ ढकलणारी गाडी मागेपुढे करत होती. मग त्या म्हणाल्या, "ग्राफ काढून टाकते. जूननंतरचं मी आता काही सांगू शकत नाही, समजतंय ना?"

"समजतंय. पण फ्रीझरमध्ये त्याच पेशंटांच्या राखीव नळ्या आहेत. त्या मला द्या."

"त्या शेवटच्या आहेत. त्या बिघडल्या तर आपल्याकडे काहीच उरत नाही."

"म्हणूनच मला द्या," मी म्हटलं. "या लॅबमध्ये बेरियमला माझ्याएवढं आता कुणी घाबरत नाही."

हे धाडस माझ्यात कुठून आलं कोण जाणे. बहुधा गमावण्यासारखं काही उरलं नव्हतं म्हणून. बाईंनी अर्ध्या नळ्या दिल्या. अर्ध्या कुलपात.

संध्याकाळी सनीव्हेलला फोन लावला. तो ऑफिसच्या बसमध्ये होता. मी सगळं सांगितलं, ढिसाळ म्हटल्याचंही. तो म्हणाला, "म्हणजे ते लेटर त्यामुळे अडकलं होतं? मी तीन रिमाइंडर पाठवले, यार."

"आधीच लांबलं होतं, माझ्या बोलण्यानं आणखी अडकलं. आता मिळेल. मी बाईंशी बोललेय."

"ओके," म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला. थँक्स म्हणाला नाही. का म्हणावं?

पुढचे दोन महिने मी जसं काम केलं तसं पीएच.डी.तही केलं नव्हतं. दर वेळी नवी बाटली. पाकीट फोडायचं, भरायची, वापरायची, टाकायची. टाकताना जीव तुटायचा, पण टाकायची. एकशे अडतीसचा रकाना आता कायम उघडा. दर नळीआधी त्या बाटलीतल्या पाण्याची सपाट रेघ पाहायची, मगच पुढे जायचं. मणी गाळायच्या आधी त्यांच्याकडे बघायचं. हातात दोन-दोन ग्लोव्ह्ज. आई विचारायची, "झालं का वं?" मी म्हणायचे, "नाही." ती पोळ्या लाटायची. एकदाही म्हणाली नाही, की जाऊ दे, परत चल नागपूरला.

शेवटची नळी झाली त्या दिवशी एकशे चोपन्नचा रकाना गप्प होता. पेशींवर चिलखत नव्हतं. औषधाआधी नाही, नंतरही नाही. दुसऱ्या एका रकान्यात, मूठभर पेशींमध्ये, थोडासा फरक होता. पण तो खरा होता आणि दर वेळी तसाच येत होता. बॉस बाईंनी तो तीनदा पाहिला. पहिला ग्राफ छातीवर मिरवण्याजोगा होता. हा तसा नव्हता. तीन वर्षं मिळाली नाहीत. सहा महिने मिळाले. बाईंनी ते सांगताना म्हटलं, "नंतरचं नंतर बघू. आणि तो सातवा नियम मी लिहिला होता, पण त्याचं कारण लिहिलं नव्हतं. ते आता तू लिही." मी लिहिलं, मोठ्या अक्षरात, आणि कागद सिंकवर चिकटवला. काचेच्या बाटल्या दुसऱ्या लॅबला देऊन टाकल्या, त्यांना बेरियमशी देणंघेणं नव्हतं.

आई त्याआधीच परत गेली होती. एअरपोर्टवर मी विचारलं होतं, "तिकडे गेल्यावर काय करशील?" ती म्हणाली, "पाहू." तिचा पाहू म्हणजे काय, हे मला पन्नास वेळा ऐकूनही कळत नाही.

सहा महिन्यांची बातमी सांगायला मी रविवारी तिला व्हिडिओ कॉल केला. तिनं ऐकलं, "चांगलं झालं," म्हणाली, पण तिचं लक्ष नव्हतं. मोबाइल तिनं इतका जवळ धरला होता की मला नुसतं कपाळ दिसत होतं.

"आई, काय झालं?"

"मी गेली होती तिच्याकडे."

"कुणाकडे?" विचारलं, आणि विचारता विचारताच कळलं.

"दारातच सांगतलं. म्हटलं, बाई, त्या बारशाचा गंज मी घासला होता, साबणानं. तू नव्हतं नासवलं."

"मग?"

"ती म्हणे, मले तवाच मालूम होतं. दूध मी नव्हतं नासवलं, तर गंज घासनारीच राह्यली ना." आई पुढे म्हणाली, "तिले मालूम होतं वं. इतके वर्स मी तिच्या मागं बसली, अन् तिले मालूम होतं."

मोबाइल हलला, कपाळाच्या जागी तिचे डोळे आले, लाल झालेले.

"मंग बस म्हणे. चहा केला तिनं. दुधाचा. पिऊन झाल्यावर सवय, मी कप घेऊन उठली मोरीकडे. तर तिनं हातातून कप घेतला माह्या. म्हणे, ठेव खाली. आज मी घासते."